वाचू नका, बघा

(छापखान्यास सूचना: पहिल्या ओळीच्या वर भरपूर कोरी जागा सोडावी. काहीतरी येतंय असं वाटलं पाहिजे.)

हा मजकूर छापायला देण्याआधी बायकोने वाचला आहे. अट तिचीच. छापील कागदाच्या बाबतीत आमच्या घरात माझ्यावर कुणाचा विश्वास उरलेला नाही, आणि तो का उरला नाही तेच सांगायला बसलोय. तिने समासात जे खरडलंय ते खोडायची मला परवानगी नाही.

तर, सासऱ्यांचं पुस्तक.

सासरे पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते. नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकी भरली की बटण दाबून पंप थांबवायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. एवढी वर्षं पंपाच्या घरघरीत काढल्यामुळे असेल, ते घरात फारसं बोलत नाहीत. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तेवढ्यात ते माझ्याशी जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि वर ‘बाकी सर्व क्षेम’ लिहायला जागा उरेल.

[समासात, बायको: बाबा सगळ्यांशीच कमी बोलतात. उगाच स्वतःवर ओढून घेऊ नका.]

एका दुपारी हेच सासरे आमच्याकडे आले, पाणी प्यायले, आणि एक रेघांची वही माझ्या हातात ठेवली. वर लिहिलं होतं: टाकी क्रमांक तीन.

“जावईबुवा, जरा वाचून बघा. बरं वाटलं तर पंच्याहत्तरीला थोड्या प्रती काढू.”

एकोणीस वर्षांत या माणसाने पहिल्यांदा आपण होऊन माझ्या हातात काहीतरी दिलं होतं. मला भरून आलं. भरून आलं की मी जास्त बोलतो.

“थोड्या कशाला, बाबा? पंच्याहत्तर काढू! आणि अशा छापू की लोक बघत राहतील.”

यातला शेवटचा भाग शब्दशः खरा झाला.

(इथे एक बोट जागा.)

छापायचं तर चांगलं छापायचं, आणि चांगलं म्हणजे काय ते आधी शिकायला हवं, असा माझा स्वभाव आहे. मी विमा कचेरीत दावे तपासतो. दुसऱ्यांच्या नजरेतून जे निसटतं ते पकडण्याचा मला पगार मिळतो. (हे वाक्य पुढे कुणी माझ्या तोंडावर फेकू नये म्हणून आधीच सांगून टाकतो.) वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी होती: ‘अक्षरांची ओळख. नवशिक्यांसाठी. सहा शनिवार.’ अक्षरांची माझी ओळख चव्वेचाळीस वर्षांची. पण ती रोज एकाच लिफ्टने जाणाऱ्या माणसाशी असते तशी होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

वर्गात आम्ही नऊ जण. एक केकवर नावं घालणाऱ्या ताई, एक थडग्यांचे दगड कोरणारे आजोबा, आणि एक गृहस्थ जे फक्त पंखा चांगला आहे म्हणून येत आणि तसं मोकळेपणाने सांगत. शिकवणाऱ्या बाई इतक्या हळू बोलत की ऐकण्यासाठी सगळा वर्ग पुढे झुकलेला असे. पहिल्या शनिवारी त्यांनी फळ्यावर एकच ‘ब’ काढला. काढायला चार मिनिटं घेतली. मग म्हणाल्या, “आता याच्या पोटात बघा. काळं बघू नका. आत जे पांढरं अडकलंय ते बघा.”

आम्ही बघितलं. पंखा फिरत होता. आणि एकाएकी ते पांढरं मला दिसलं: दुपारी दार लोटून घेतलेल्या खोलीत उजेड साचून राहावा तसं.

“ही अक्षरं जमिनीवर उभी नाहीत,” बाई म्हणाल्या, “वरच्या रेघेला लोंबकळलेली आहेत. त्यांचा भार कुठे जातो ते बघा. वाचू नका. बघा.”

ही आज्ञा मी आयुष्यात कुठलीच पाळली नाही इतकी पाळली.

तिसऱ्या शनिवारपर्यंत रस्ता बदलला होता. म्हणजे रस्ता तोच, पण दुकानांच्या पाट्या बोलायच्या थांबून नुसत्या तरंगायला लागल्या होत्या. चाव्या बनवणाऱ्याच्या पाटीवरचा ‘ळ’ दोघांनी एकच चादर ओढून झोपावं तसा पडलेला. शिंप्याच्या पाटीवर उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर पाय देऊन उभा. ‘र’ कुठेही असो, एकटाच. कोपऱ्यात उभं राहून सभा कधी संपते याची वाट बघणारा. मी थांबायचो, मान तिरकी करायचो, लोक माझ्या भोवतीने वळसा घालून जायचे. एका बंद दुकानावरच्या पुसट ‘क्ष’समोर मी एवढा वेळ थांबलो की शेजारच्या न्हाव्याने बाहेर येऊन विचारलं, “कुणी वारलं का?”

घरी खोकल्याचं औषध आणलं. बायकोने आतून विचारलं, “किती घ्यायचंय, लिहिलंय का?”

“लिहिलंय. पण त्या आकड्याभोवती काय हवा खेळती ठेवली आहे, ये, बघ तरी!”

“अहो, चमचा की दोन चमचे?”

“ते नाही पाहिलं.”

[समासात, बायको: आठवडाभर खोकत होते. बाटली खिडकीत उजेडाला ठेवली होती, शोभेला.]

कचेरीत एका दाव्यावर मी ‘समास उत्तम’ असा शेरा मारून कागद पुढे पाठवला. साहेबांनी बोलावलं.

“या माणसाने एकाच भिंतीचा दोनदा विमा मागितलाय.”

“असेल, साहेब.”

“तुम्हाला दिसलं नाही?”

“भिंत नाही दिसली,” मी खरं ते सांगितलं.

(इथे थोडी जास्त जागा. पुढचा प्रसंग मानहानीचा आहे.)

त्याच सुमारास माझ्या स्कूटरच्या परवान्याची मुदत संपली. नूतनीकरणाला डोळे तपासतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. तपासनीस पेन कानावर ठेवून म्हणाला, “चौथी ओळ वाचा.”

चौथी ओळ! ग, म, न, त. मी बघत राहिलो.

“दिसत नाही का?”

“दिसतंय हो. पण ‘ग’ आणि ‘म’च्या मध्ये केवढी दरी पडलीय. आणि ‘न’ला तर श्वासच घेऊ दिलेला नाही.”

“तुम्हाला दिसतंय की नाही तेवढं बोला.”

“दिसतंय, म्हणूनच त्रास होतोय!”

त्याने कानावरचं पेन काढलं आणि अर्जावर लिहिलं: ‘पाहताना त्रास होतो.’ खाली शिक्का. मग नेत्रतज्ज्ञाचा दाखला आणा. नेत्रतज्ज्ञ पंधरा दिवस रजेवर. रजेवरून परत आल्यावर त्यांनी डोळे उत्तम असल्याचा दाखला दिला, तर खिडकीवरचा कारकून म्हणाला, त्रास गेल्याचा दाखला आणा, डोळे असल्याचा नको. या सगळ्यात दोन महिने माझी स्कूटर जिन्याखाली उभी राहिली. छापखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. त्यामुळे पुढचं बरंचसं काम मी फोनवर केलं. ही सबब नाही. ही परिस्थिती आहे.

पुस्तक निघतंय ही बातमी तोवर इमारतीत पसरली होती आणि प्रत्येकाला अक्षरांबद्दल मत होतं. वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षक राहतात, त्यांना सगळे भूगोल म्हणतात. ते जिन्यातच भेटले.

“ठळक छापा. नकाशात राजधानी ठळक, बाकीची गावं बारीक.”

“पण यात राजधानी कुठे आहे?”

“मग छापताय कशाला?”

समोरच्या दाराच्या दंतवैद्यबाई म्हणाल्या, “दोन अक्षरांत फट ठेवू नका हं. फटीत अडकतं.” काय अडकतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्या दातांकडे मात्र बघितलं. इमारतीच्या चिटणीसांनी शेवटच्या कोऱ्या पानावर गाड्या लावण्याचे नियम टाकता येतील का, असं विचारलं. ते पान मुद्दाम कोरं ठेवलंय म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणूनच विचारतोय.”

छापखानेवाला डोळे मिटून बोलणारा गृहस्थ होता. वही मी त्याला एकदाच जाऊन दिली आणि बजावलं, “एक काना इकडचा तिकडे होता कामा नये. आहे तस्संच.”

“आमच्याकडे आहे तस्संच होतं,” तो म्हणाला. “वेगळं करायला डोकं लागतं, ते गिऱ्हाइकाचं.”

यथावकाश प्रुफं आली. मी ती पलंगावर, खुर्च्यांवर, जमिनीवर पसरली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाचव्या शनिवारी बाईंनी एक युक्ती शिकवली होती: पान उलटं धरावं, म्हणजे मजकूर मध्ये येत नाही. मग ओळींमधल्या फटी दिसतात, एकीखाली एक जुळून पानभर वाहत गेलेल्या. बाई त्यांना नद्या म्हणत. मी सगळं पुस्तक उलटं धरून तपासलं. नद्या बुजवल्या. अक्षर बदललं, तीनदा. शेवटी एक हलकं, सडपातळ, स्वच्छ अक्षर मिळालं, जे पानावर बसल्यासारखं वाटतच नव्हतं, नुकतंच येऊन टेकलंय असं वाटायचं.

[समासात, बायको: मी विचारलं होतं, बाबांनी काय लिहिलंय? हे म्हणाले, फार मोकळं लिहिलंय. मला वाटलं, स्वभावाने.]

आणि त्यात पान तेवीस. वर तीन ओळींचा एक छोटा परिच्छेद, मग मोकळी जागा, मग सलग मजकूर. एक नदी नाही, एक गाठ नाही, उलटं धरलं तर उजाडण्याआधीच्या आकाशासारखं सर्वत्र एकसारखं करडं. मी ते पान खिडकीपाशी नेलं. माझे डोळे खरोखर भरून आले. राहवेना, तेव्हा सासऱ्यांना फोन लावला.

“बाबा, तेविसावं पान बघितलं.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला.

“अख्ख्या पुस्तकात त्याला तोड नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

बऱ्याच वेळाने आवाज आला. “मग... छापावं म्हणता?”

“छापल्याशिवाय कसं चालेल?”

“लोक काय म्हणतील?”

“बघत राहतील, बाबा.”

मग ते म्हणाले, “तुम्ही असं घ्याल असं वाटलं नव्हतं. हलकं वाटलं मला.”

“मलाही तेच वाटलं! जाड घेतलं असतं तर दडपण आलं असतं.”

आमच्या लग्नानंतरचं ते आमचं सर्वांत लांब संभाषण. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पलंगावर, पानांच्या मधोमध, नुसता बसून होतो. वाऱ्याने पानं थोडी उचलली जात होती आणि परत टेकत होती. छापखान्यातून फोन आला, “प्रुफं वाचून झाली का?”

“बघून झाली,” मी म्हणालो. “चालू करा.”

(इथे खूप जागा सोडावी. शक्य असेल तेवढी.)

पंच्याहत्तरी आमच्याच घरी झाली, दुपारी चार वाजता. उसन्या आणलेल्या खुर्च्या, पडद्यांतून आलेलं ऊन. भूगोल, दंतवैद्यबाई, चिटणीस, नात्यातली माणसं, खात्यातले सासऱ्यांचे तीन-चार जुने सोबती. खिडकीशी चावीवाले बसले होते: पंपघराच्या खाली, टाकीच्या पायथ्याशी, पाणी बंद करायचा जो मोठा व्हॉल्व्ह होता त्याची चावी सांभाळणारे, सासऱ्यांचे एकुलते एक मित्र. दर रविवारी दोघं दोन तास एकत्र बसतात आणि बोलत नाहीत. पंपाने त्यांचेही कान अर्धे नेलेत.

प्रती वाटल्या. लोक पानं उलटायला लागले आणि खोलीत तो आवाज झाला, चांगल्या कागदाचा. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. हे मी केलं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात भूगोलांचा, चाळीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आला:

“हे काय हो? पान तेवीस.” आणि त्यांनी वाचलंच.

*जावईबुवा, हे पान फक्त तुमच्यासाठी आहे. छापायचं नाही. आधी तुम्ही वाचा आणि खरं काय वाटतं ते मला सांगा. मग ठरवू. तोवर कुणाला दाखवू नका.*

*त्या सकाळी टाकी भरली तेव्हा मी वर जिन्यावर उभा होतो. बटण माझ्या हाताशी होतं. पाणी काठावर आलं आणि चारी बाजूंनी खाली उतरायला लागलं. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, सगळीकडे एकसारखं. ऊन त्यातून आरपार जात होतं. मी बटण दाबलं नाही. अकरा मिनिटं मी नुसता बघत उभा राहिलो. खाली शाळेच्या मैदानात गुडघाभर पाणी झालं. चौकशी आली तेव्हा मी म्हणालो, खालचा व्हॉल्व्ह अडकला होता. लेखी ताकीद चावीवाल्याला मिळाली, त्याची बढतीही अडली. सव्वीस वर्षं झाली. त्याने मला कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.*

भूगोल मध्येच कुठेतरी हळू झाले आणि शेवटची ओळ त्यांनी जवळजवळ स्वतःशीच वाचली.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“जावईबुवा, वरच्या तीन ओळी तुम्हाला लिहिल्या होत्या.”

“हो, बाबा. कळलं आत्ता.”

“आत्ता?” ते म्हणाले. “फोनवर तर म्हणालात, डोळ्यांत पाणी आलं.”

“ते... अक्षरांमुळे.”

“म्हणजे?”

“मी वाचलेलं नाही, बाबा. बघितलं.”

पंप थांबल्यावर अचानक किती शांत होतं ते त्यांनी पान सहावर लिहिलंय, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नुसतं ऐकू आलं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिच्या बघण्यापेक्षा वाईट होतं.

[समासात, बायको: मी बघितलं असतं तर काहीतरी बोलून गेले असते.]

“चावीवाल्याला ऐकू गेलं?” सासऱ्यांनी अगदी हळू विचारलं.

गेलं नव्हतं. चावीवाले खिडकीशी पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचत होते. मी लगबगीने तिकडे गेलो. पान वीस.

“काका, जरा द्या ती प्रत. छपाईत चूक झालीय. बदलून आणतो.”

“असू दे,” ते मान वर न करता म्हणाले. “चूक आली की उडी मारेन.”

“पण काका, वाचायला त्रास होईल—”

“छे! फार सुखाचं अक्षर आहे. चष्म्याशिवाय जमतंय.”

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे गिचमिड छापायला हवं होतं. नद्याच नद्या सोडायला हव्या होत्या, बोट त्यांत वाहून गेलं असतं. पण बोट त्या मोकळ्या, समजूतदार ओळींखालून सरसर पुढे गेलं. एकवीस. बावीस. चिटणीस माझ्या कानात म्हणाले, “पान फाडू का?” आणि दंतवैद्यबाईंनी त्यांचा हात धरला.

तेवीस.

बोट थांबलं. मग पहिल्या ओळीवर परत गेलं आणि पुन्हा सगळं पान सावकाश उतरून आलं. खोलीतलं ऊन तेवढ्यात एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकलं असेल. सासरे उभे राहिले होते. हात शरीराशी सरळ, चौकशीला उभं राहावं तसे.

“अकरा?” चावीवाले म्हणाले.

सासऱ्यांनी मान हलवली.

“अकरा नाही. चौदा. मी घड्याळ बघितलं होतं.”

“तू?” सासरे खिडकीपाशी येऊन मोठ्याने म्हणाले. “तू कुठून बघितलंस?”

“खालून. चावी हातातच होती की माझ्या.”

“मग फिरवली का नाहीस?”

“तू बटण का नाही दाबलंस?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“व्हॉल्व्ह अडकला म्हणालास तेव्हा मला वाटलं, याने मला बघितलं वाटतं,” चावीवाले म्हणाले. “म्हणून गप्प राहिलो. ताकीद घेतली. बरोबरच होती ती. अर्धी.” मग जरा थांबून त्यांनी पुस्तकाच्या पानावर बोट आपटलं. “पण हे वरून लिहिलंयस तू. खालून काय दिसत होतं ते यात नाहीच. खालून जास्त चांगलं होतं. अंगावर येत होतं सगळं.”

सासरे त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज यायला लागला, आधी अडखळत, मग लागोपाठ. एकोणीस वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

“सव्वीस वर्षं!” ते डोळे पुसत म्हणाले. “दर रविवारी येऊन बसतोस, सांगायचंस तरी.”

“तूच बोलत नाहीस. मी कशाला बोलू?”

चावीवाल्यांनी माझ्याकडे मान वळवली. “तुम्ही छापलंत?”

“त्यांनीच,” सासरे म्हणाले. “एक अक्षर वाचलेलं नाही बरं का.”

“एकही?”

“एकही नाही. आणि त्याशिवाय हे छापलं गेलं नसतं. वाचलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मी नको म्हटलं असतं.” आणि सासऱ्यांनी जवळच्या टेबलावरची एक प्रत उचलून माझ्यापुढे धरली. “आता वाचा. पहिल्या पानापासून. मोठ्याने, याला ऐकू येत नाही.”

मी पुस्तक घेतलं. सुलट धरलं. भूगोलांनी आपली खुर्ची मला दिली, आणि मी दोघांच्या मध्ये बसलो.

“‘पंप सुरू करण्याआधी,’” मी वाचायला लागलो, “‘पाइपाला कान लावून ऐकावं. नदी आत आली आहे की नाही ते कळतं. मग बटण दाबावं आणि घाई करू नये...’”

सासऱ्यांनी डोळे मिटले होते. चावीवाल्यांनीही. खोलीत कुणी हलत नव्हतं. दुसऱ्या परिच्छेदाशी मी जरा वेगाने निघालो, तशी चावीवाल्यांनी, डोळे न उघडता, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हळू,” ते म्हणाले. “पाणी अजून टेकडी चढतंय.”